ब्रेक्झिटच्या सार्वमतानंतर ब्रिटनचे लोक आपल्याच खासदारांवर एवढे का चिडले?

१५ जानेवारी २०१९ची रात्र. लंडनमध्ये पार्लमेंटसमोरच्या चौकात भर थंडीत दोन जमाव उभे होते. एकाकडे युरोपीय महासंघाचे निळे झेंडे, दुसऱ्याकडे ब्रिटनचे युनियन जॅक. एका जमावाचं म्हणणं, ब्रिटनने महासंघ सोडूच नये. दुसऱ्याचं म्हणणं, कधीच सोडायला हवा होता, एवढा उशीर कशाला? आत सभागृहात पंतप्रधान थेरेसा मे यांनी महासंघाशी दीड वर्ष घासाघीस करून आणलेला करार मतदानाला आला होता. निकाल लागला: बाजूने २०२, विरोधात ४३२. आधुनिक काळात ब्रिटनमधल्या कुठल्याच सरकारचा सभागृहात इतका दारुण पराभव झाला नव्हता. बातमी बाहेर आली आणि चौकातल्या दोन्ही जमावांनी जल्लोष केला.

एकमेकांचं तोंड बघायला तयार नसलेली माणसं एकाच निकालावर टाळ्या पिटत होती. करार पडला, आता महासंघ सोडणंच रद्द होईल, असं एकांना वाटलं. करार पडला, आता कुठल्याही अटीशिवाय थेट बाहेर, असं दुसऱ्यांना वाटलं. पुढचे नऊ-दहा महिने यातलं काहीच झालं नाही, आणि दोन्ही बाजूंनी सगळा राग खासदारांवर काढला.

महासंघ सोडायचा की नाही, यावर ब्रिटनने २०१६ मध्ये सार्वमत घेतलं होतं; हे सोडणं म्हणजेच ब्रेक्झिट. सार्वमत म्हणजे लोकांना थेट विचारणं. लोकांनी उत्तर दिलं की विषय मिटायला हवा. मग ब्रिटनमध्ये साडेतीन वर्षं तो चिघळत का गेला? ‘राजकारणी नालायक म्हणून’ हे उत्तर तिथल्या बहुतेकांनी दिलं, आपल्याकडेही दिलं गेलं. ते अर्धंच खरं आहे. राग रास्त होता, पण खासदारांच्या ज्या गोष्टीवर लोक चिडले ती त्यांची छोटी चूक होती. मोठी चूक त्यांनी आधीच करून ठेवली होती.

मतपत्रिकेवर काय होतं

२३ जून २०१६ रोजी मतदान झालं. मतपत्रिकेवर एकच प्रश्न: युनायटेड किंग्डमने युरोपीय महासंघाचं सदस्य राहावं की महासंघ सोडावा? खाली दोन चौकटी. एकीत फुली मारायची, झालं. ब्रिटनमध्ये मतदान केंद्रावर फुली मारायला पेन्सिल ठेवलेली असते. त्या दिवशी कित्येक जण घरून पेन घेऊन गेले, कारण पेन्सिलची फुली कुणीतरी रात्रीत खोडेल अशी कुजबुज समाजमाध्यमांवर पसरली होती. अविश्वास निकालानंतर जन्माला आला असं अनेकांना वाटतं. तो रांगेत उभा होता, खिशात पेन घेऊन.

‘सोडा’ला १,७४,१०,७४२ मतं पडली, ‘राहा’ला १,६१,४१,२४१. टक्क्यांत ५१.९ विरुद्ध ४८.१. मतदान ७२ टक्के. इंग्लंड आणि वेल्सने सोडा म्हटलं. स्कॉटलंडने ६२ टक्के मतांनी राहा म्हटलं, उत्तर आयर्लंडनेही जवळपास ५६ टक्क्यांनी राहा म्हटलं. लंडन एकीकडे, मासेमारीची आणि बंद पडलेल्या कारखान्यांची गावं दुसरीकडे. घराघरांत तट पडले, तरुण मुलं एका बाजूला आणि आजी-आजोबा दुसऱ्या बाजूला. हे सार्वमत ज्यांनी घेतलं ते पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन स्वतः ‘राहा’च्या बाजूचे होते. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी राजीनामा जाहीर केला. सोडायचं ठरलं तर काय करायचं, याची तयारी त्यांच्या सरकारने केलेलीच नव्हती.

आता त्या दुसऱ्या चौकटीकडे पुन्हा बघा. ‘सोडा’. ठीक. पण सोडून कुठे जायचं?

नॉर्वे महासंघात नाही, पण महासंघाच्या एकत्रित बाजारात आहे. त्यासाठी तो पैसे भरतो, महासंघाचे बहुतेक नियम पाळतो आणि तिथल्या नागरिकांना नोकरीसाठी मुक्तपणे येऊ देतो. तुर्कस्तान बाजारात नाही, पण त्याच्या कारखान्यांच्या मालावर महासंघाच्या सीमेवर जकात लागत नाही. कॅनडाने लांबून व्यापार करार केला आहे. आणि ज्यांच्याशी काहीच करार नाही, त्यांना जागतिक व्यापार संघटनेच्या सर्वसाधारण नियमांनी चालावं लागतं. हे चारही मार्ग महासंघाच्या बाहेरचेच आहेत. म्हणजे ‘सोडा’ या एका शब्दाचे निदान चार अर्थ होते, आणि त्यांतला कुठला, हे मतपत्रिकेने विचारलं नव्हतं.

आमच्या सोसायटीत पुनर्विकासाचा विषय निघाला तेव्हा मला ही गोष्ट अंगावर येऊन कळली. सर्वसाधारण सभेत हात वर झाले, ‘पुनर्विकास हवा’ म्हणणारे थोडक्यात जिंकले, पेढे वाटले गेले. पुढच्या सभेत कळलं की दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना बिल्डर नकोच होता, सभासदांनी मिळून स्वतः बांधायचं त्यांच्या मनात होतं. तरुण जोडप्यांना नावाजलेला बिल्डर आणि पार्किंग हवं होतं. काहींना शेजारच्या दोन सोसायट्यांना बरोबर घेऊन मोठा प्रकल्प हवा होता. जे आधीच विरोधात होते ते प्रत्येक प्रस्तावाला विरोध करायला हजर होतेच. वर्ष गेलं, एकेक प्रस्ताव पडत गेला, आणि बोलणी खाल्ली ती कमिटीने. ‘एवढं साधं काम जमत नाही तुम्हाला?’ असं मीसुद्धा सेक्रेटरींना जिन्यात अडवून म्हटलं होतं. आज त्याचं वाईट वाटतं.

हिशेब मांडून बघा. १०० सभासद. ५२ म्हणतात पुनर्विकास, ४८ म्हणतात नको. त्या ५२ मध्ये १८ जणांना एक मार्ग हवा, १७ जणांना दुसरा, १७ जणांना तिसरा. कुठलाही मार्ग मतदानाला टाका, ८२-८३ मतांनी पडणार. तरीही ‘पुनर्विकास हवा’ हा बहुमताचा निर्णय खराच राहतो. बहुमत आहे, पण कुठल्याच ठोस गोष्टीमागे नाही. यात कुणी खोटं बोललेलं नाही, कुणी गद्दारी केलेली नाही. प्रश्नच तसा विचारला गेला.

सभागृहात नेमकं हेच घडलं

२७ मार्च २०१९ रोजी ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहाने, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्सने, सरकारला बाजूला ठेवून आठ पर्याय मतदानाला घेतले. करार न करता बाहेर पडणं, नॉर्वेसारखी व्यवस्था, जकातीपुरता संघ, पुन्हा सार्वमत, सोडण्याचा निर्णयच रद्द करणं, असे. आठही पडले. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी खासदारांना धारेवर धरलं, आणि वरवर पाहता ते साहजिक होतं. १ एप्रिलला चार पर्यायांवर पुन्हा मतदान झालं. चारही पडले. जकातीच्या संघाचा पर्याय फक्त तीन मतांनी गेला, २७३ विरुद्ध २७६.

मे यांचा करार दुसऱ्यांदा १२ मार्चला पडला, तिसऱ्यांदा २९ मार्चला. २९ मार्च ही तारीख ब्रिटन महासंघातून बाहेर पडण्याची म्हणून दोन वर्षं आधीच ठरलेली होती. सोडावं म्हणणारे त्या दिवशी जल्लोषासाठी चौकात जमणार होते. ते जमले, पण चिडून.

या तारखेची गोष्ट सांगायलाच हवी, कारण खासदारांचा खरा दोष इथे दिसतो. महासंघ सोडायची नोटीस दिली की दोन वर्षांची मुदत सुरू होते. सूज्ञपणा हा की आधी घरात बसून कुठे जायचं ते ठरवावं, मग नोटीस द्यावी. पण फेब्रुवारी २०१७ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने नोटीस देण्याच्या विधेयकाला ४९८ विरुद्ध ११४ अशा मतांनी पुढे जाऊ दिलं. ‘लोकांच्या कौलाचे विरोधक’ हा शिक्का कुणालाच नको होता. त्यानंतर मे यांनी बहुमत वाढवायला मध्यावधी निवडणूक घेतली आणि होतं ते बहुमत गमावलं. घर सोडायची नोटीस दिली, नवं घर बघितलेलं नाही, आणि कुटुंबात कुठल्या गावी जायचं यावर भांडण. इथे त्यांना कुणी भाग पाडलेलं नव्हतं. इथे लोकांनी चिडायला हवं होतं, पण तेव्हा कुणी चिडलं नाही.

आयर्लंडची गाठ

करार सारखा का पडत होता, याचं सर्वांत मोठं एक कारण म्हणजे सुमारे ५०० किलोमीटरची एक सीमा. आयर्लंड बेटाचा उत्तरेकडचा तुकडा ब्रिटनचा, बाकीचं बेट हा स्वतंत्र देश आणि महासंघाचा सदस्य. त्या तुकड्यात तीस वर्षं हिंसाचार झाला, साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. १९९८च्या गुड फ्रायडे कराराने ते थांबलं. सीमेवरचे लष्करी पहारे गेले. आज तिथून गाडीने जाताना रस्त्याच्या कडेच्या पट्ट्या आणि वेगमर्यादेच्या पाट्या बदलतात तेवढीच खूण.

मुंबईच्या जकात नाक्यांची आठवण असलेल्यांना पुढचं समजायला वेळ लागणार नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला तोवर दहिसर आणि मुलुंडच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागायच्या. कर वेगळा असला की माल तपासावा लागतो, तपासायचा तर थांबवावा लागतो, थांबवायचा तर नाका हवा. ब्रिटनने महासंघाची जकात व्यवस्था सोडली, तर कुठेतरी नाका उभा राहणार. तो आयर्लंड बेटाच्या मध्ये उभा केला तर शांतता करार धोक्यात. तो समुद्रावर, म्हणजे ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये उभा केला तर देशातल्या देशात सीमा. आणि कुठेच नको असेल, तर जकात व्यवस्था सोडता येत नाही. तीन इच्छा, त्यातल्या एकीला तिलांजली द्यावीच लागणार.

मे यांनी तोडगा म्हणून संपूर्ण ब्रिटनला तात्पुरतं जकात व्यवस्थेत अडकवून ठेवायचं कलम घातलं. त्यांच्याच हुजूर पक्षातले कडवे खासदार उखडले, मजूर पक्षाने तर विरोधच केला. मे यांचं सरकार ज्यांच्या दहा खासदारांच्या टेकूवर उभं होतं, तो उत्तर आयर्लंडमधला पक्षही विरोधात गेला. पुढे मे यांच्या जागी पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी गाठ सोडवली ती समुद्रावर नाका उभारून, आणि असा नाका असणारच नाही असं तिथल्या लोकांना सांगत सांगत.

सार्वमताच्या प्रचारात इंग्लंडमधल्या किती सभांत ही सीमा आली असेल? फार थोड्या. प्रचारात होती ती लाल बस. तिच्यावर लिहिलं होतं की आपण महासंघाला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते आपल्या सरकारी आरोग्यसेवेला देऊ या. ब्रिटनला मिळणारी सूट त्या आकड्यातून वजाच केलेली नव्हती. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने आकडा दिशाभूल करणारा आहे असं मतदानाआधीच सांगितलं, तरी बस फिरत राहिली. दुसरी बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी ‘सोडा’ जिंकलं तर तातडीचा अर्थसंकल्प आणून कर वाढवावे लागतील अशी धमकी दिली. तसा अर्थसंकल्प आला नाही. सार्वमतानंतर वर्षभराने, जुलै २०१७ मध्ये, व्यापारमंत्री लिअम फॉक्स म्हणाले की महासंघाबरोबरचा व्यापार करार हा मानवी इतिहासातल्या सर्वांत सोप्या करारांपैकी एक असायला हवा.

सोपं. हा एक शब्द त्या साडेतीन वर्षांत सर्वांत महाग पडला. काम अवघड आहे, वेळ लागेल, काहीतरी सोडावं लागेल, असं सांगितलेल्या माणसाला उशीर झाला तर तो वाट बघतो. सोपं आहे असं सांगितलेल्या माणसाला उशीर झाला की त्याला एकच कारण सुचतं: कुणीतरी मुद्दाम अडवतंय.

आणि ‘अडवणारे’ रोज सापडत होते. उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी २०१६ मध्ये म्हटलं की नोटीस द्यायला संसदेची मंजुरी लागेल, तर एका मोठ्या खपाच्या वृत्तपत्राने त्यांचे फोटो पहिल्या पानावर छापून वर मथळा दिला: ‘जनतेचे शत्रू’. २० मार्च २०१९ च्या रात्री खुद्द पंतप्रधान मे दूरचित्रवाणीवर आल्या आणि लोकांना म्हणाल्या की मी तुमच्या बाजूची आहे, घोळ खासदार घालताहेत. त्याच आठवड्यांत खासदारांना जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. सार्वमताच्या आठवडाभर आधी, १६ जून २०१६ रोजी, जो कॉक्स या ४१ वर्षांच्या महिला खासदाराचा भर रस्त्यात खून झाला होता. हे माहीत असताना देशाच्या पंतप्रधानांनी लोक विरुद्ध संसद अशी रेघ ओढली. मला तिथली ही सर्वांत वाईट गोष्ट वाटते, मतदान हरण्यापेक्षाही.

राग किती खोल गेला होता ते हॅन्सर्ड सोसायटी या संसदेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या पाहणीत दिसतं. राज्यकारभाराच्या पद्धतीत बरीच किंवा प्रचंड सुधारणा हवी असं ७२ टक्के लोकांनी सांगितलं. नियम मोडायला तयार असलेला खमका नेता हवा, असं ५४ टक्क्यांनी. जगातल्या जुन्या लोकशाह्यांपैकी एकीत, निम्म्याहून जास्त लोकांनी. मे महिन्यात युरोपीय संसदेची निवडणूक झाली तेव्हा जेमतेम काही महिन्यांपूर्वी निघालेला ब्रेक्झिट पक्ष पहिला आला आणि सत्ताधारी हुजूर पक्ष ९ टक्क्यांच्याही खाली, पाचव्या क्रमांकावर घसरला.

यात आपली माणसं कुठे होती

इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात गोव्याची बरीच माणसं राहतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं; त्या पासपोर्टवर महासंघात कुठेही काम करता येत असल्याने हे लोक ब्रिटनला गेले, गोदामांत आणि कारखान्यांत राबले. या मतदानावर त्यांचं सगळं भवितव्य टांगलेलं होतं, पण पोर्तुगीज नागरिक म्हणून त्यांना मत नव्हतं. उलट व्हिसावर लंडनला गेलेल्या पुण्याच्या आयटीवाल्याला, भारतीय पासपोर्ट असताना, मत होतं, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. स्विंडनने ‘सोडा’ला कौल दिला. तिथल्या गोवेकरांना नंतर राहण्याच्या हक्कासाठी अर्ज करावे लागले, मुदत ३० जून २०२१.

सार्वमत म्हटलं की गोव्याचं नाव निघतंच. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात कौल घेतला गेला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? चिन्हं होती फूल आणि दोन पानं. केंद्रशासितच्या बाजूने १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. वातावरण तिथेही तापलेलं होतं, घरं तिथेही दुभंगली होती. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून त्यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. ते हरले. काही आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी त्यांनाच पुन्हा मुख्यमंत्री केलं.

ही तुलना ताणू नये. जिंकला तो ‘आहे तसं’चा पर्याय, त्यामुळे दुसऱ्या दिवशी नवं काही उभारायचं नव्हतं. फूल जिंकलं असतं तर नोकऱ्या, भाषा, दारूबंदी असे सगळे प्रश्न महाराष्ट्राच्या दारात येऊन उभे राहिले असते. पण एक गोष्ट खरी: फुलाचा अर्थ काय आणि पानांचा काय, हे मतदाराला माहीत होतं. आयर्लंडने २०१८ मध्ये गर्भपातावर सार्वमत घेतलं तेव्हाही हीच काळजी घेतली. आधी निवडक ९९ सामान्य नागरिकांच्या सभेने शनिवार-रविवार बसून विषयाचा कीस काढला. मग सरकारने ‘हो’ जिंकलं तर कुठला कायदा आणू त्याचा मसुदा मतदानाआधी लोकांसमोर ठेवला. ६६ टक्के ‘हो’ म्हणाले, पुढच्या १ जानेवारीपासून कायदा लागू झाला. विषय ब्रेक्झिटपेक्षा कमी नाजूक नव्हता.

ब्रिटनमध्ये शेवटी डिसेंबर २०१९ मध्ये जॉन्सन यांनी ‘ब्रेक्झिट उरकून टाका’ या एका घोषणेवर निवडणूक लढवली आणि ८० जागांचं बहुमत मिळवलं. लोक इतके थकले होते की ‘राहा’ म्हटलेल्यांपैकीही काहींना एकदाचं संपू दे असं झालं होतं. ३१ जानेवारी २०२० रोजी रात्री ११ वाजता ब्रिटन बाहेर पडलं. उरकलं, असं जाहीर झालं. समुद्रावरच्या नाक्याचं भांडण मात्र पुढे तीन वर्षं चाललं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये नवा समझोता झाला. त्यानुसार ऑक्टोबर २०२३ पासून ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडमध्ये जाणाऱ्या मांसाच्या पाकिटांवर आणि काही दुधाच्या पदार्थांवर तीन शब्दांची सूचना छापावी लागते: ‘युरोपीय महासंघासाठी नाही’. बेलफास्टच्या दुकानात लोणी उचलणाऱ्या माणसाने २०१६ मध्ये कुठल्याही चौकटीत फुली मारलेली असो, हा नाका त्याच्या मतपत्रिकेवर नव्हता. तो आता त्याच्या फ्रिजमध्ये आहे.